‘शॅल’, ‘विल’ आणि ‘कितवा’ : माळव्यातील मराठी घरांत इंग्रजी व्याकरण

उज्जयिनीतील जुन्या मराठी घरांत तीन भाषा एकत्र नांदत आल्या आहेत. देवघरात आणि स्वयंपाकघरात मराठी, उंबरठा ओलांडला की हिंदी आणि तिच्या कडेकडेने माळवी, आणि शाळा, कचेरी, मुलाखत, परदेशी स्थायिक झालेल्या नातवंडांचा फोन यांसाठी इंग्रजी. या तिन्हींपैकी चूक होईल म्हणून जीव धास्तावतो तो इंग्रजीच्याच बाबतीत. ‘सिन्स’ म्हणावे की ‘फॉर’, ‘शॅल’ की ‘विल’, ‘मॅरिड टू’ की ‘मॅरिड विथ’, ‘दि’ कोठे लावावा आणि कोठे गाळावा, असले प्रश्न जेवणाच्या पानावरसुद्धा निघतात. घरातील कोणी निवृत्त शिक्षक असतील तर ते निकाल देतात, आणि निकाल पटो न पटो, तो मानला जातो.

वरवर पाहता हे प्रश्न किरकोळ आहेत. परंतु त्यांतील प्रत्येकामागे इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा काही भाग आपल्या माळव्यातच घडलेला आहे. तो थोडा उलगडून पाहिला, तर इंग्रजी बोलताना होणाऱ्या ज्या चुकांची आपण लाज बाळगतो, त्यांतील कित्येक अज्ञानातून आलेल्या नसून मातृभाषेच्या वळणातून आलेल्या आहेत असे दिसते. चूक म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मग इंग्रजीपुरता राहत नाही. तो आपल्या मराठीपर्यंत येऊन पोहोचतो.

कंपू, पलटण आणि कवाईत

युरोपीय भाषांचे शब्द माळव्यातील मराठी तोंडी बसले ते पुस्तकांतून नव्हे, तर छावणीतून. राणोजी शिंदे यांनी उज्जैन हे आपले मुख्य ठाणे केले, आणि दौलतरावांनी १८१० च्या सुमारास राजधानी ग्वाल्हेरजवळच्या लष्करात हलवीपर्यंत ते तसे राहिले. महादजींनी १७८४ साली सव्हॉय प्रांतातील बन्वा द बॉयन या सेनानीस नोकरीत घेतले आणि पाश्चात्त्य धर्तीचे पायदळ उभे केले. त्या पायदळाबरोबर ‘कंपू’, ‘पलटण’, ‘कप्तान’, ‘जर्नेल’, ‘काडतूस’ असे शब्द आले. त्यांत इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज असे सगळेच मिसळलेले होते. लष्कर शहरातील एका वस्तीला आजही ‘कंपू’ असेच नाव आहे.

हे शब्द आले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे व्याकरण आले नाही. मराठीने त्यांना आपल्या घरात घेतले आणि आपले नियम लावले. कंपू पुल्लिंगी झाला, पलटण स्त्रीलिंगी झाली. ‘कंपूत’, ‘पलटणीचा’, ‘कप्तानाला’ अशी रूपे कोणी न शिकवता तयार झाली. मूळ भाषेत या शब्दांचे लिंग कोणते, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही.

याच छावणीतील ‘कवाईत’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. मूळ अरबी ‘कायदा’ म्हणजे नियम. त्याचे अनेकवचन ‘कवाइद’. मराठीत कवाईत म्हणजे शिपायांची हालचाल, पाय उचलणे आणि टाकणे. उर्दूत मात्र ‘कवाइद’ म्हणजे व्याकरण. मौलवी अब्दुल हक यांच्या प्रसिद्ध उर्दू व्याकरणाचे नावच ‘कवाइद-ए-उर्दू’ असे आहे. पुढे इंग्रजी व्याकरण आपल्याकडे शिकविले गेले ते बरेचसे कवाइतीप्रमाणेच, हा योगायोग विसरण्याजोगा नाही.

१८३६ आणि शब्दांच्या आठ जाती

उज्जैनपासून जवळच असलेल्या महिदपूरच्या लढाईत २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांचा पराभव झाला आणि १८१८ च्या मंदसोरच्या तहाने माळव्यावर इंग्रजांचा वरचष्मा प्रस्थापित झाला. तरीही इंग्रजी लगेच घराघरांत शिरली नाही. दरबारी मराठी कारभार मोडीतच चालत होता. नवे ज्ञानसुद्धा आरंभी देशी भाषांतूनच आले. सिहोर येथे भोपाळ एजन्सीचे अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांच्या प्रोत्साहनाने सुबाजी बापू या मराठी पंडितांनी भास्कराचार्यांच्या सिद्धान्तग्रंथाचा आधार घेऊन पृथ्वी फिरते हे कोपर्निकसचे मत मराठीत मांडले, ते १८३० च्या दशकातच. शाळेत इंग्रजी कितपत असावी, हा वाद त्या वेळी खुला होता. २ फेब्रुवारी १८३५ च्या मेकॉलेच्या टिपणीने त्याचा निकाल इंग्रजीच्या बाजूने लावला.

त्यानंतर एका वर्षाच्या आतबाहेर, १८३६ मध्ये, दादोबा पांडुरंग यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. दादोबा (१८१४–१८८२) मुंबईचे. परंतु तरुणपणी काही काळ ते माळव्यातील जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक होते. मराठीचे व्याकरण त्यापूर्वीही लिहिले गेले होते. विल्यम केरी यांचे सेरामपूरहून १८०५ साली निघाले होते. पण ते इंग्रजांना मराठी शिकविण्यासाठी होते. मराठी माणसाला त्याचीच भाषा नियमांच्या रूपाने दाखविण्याचे मोठे श्रेय दादोबांचे. हे करताना त्यांनी समोर आराखडा ठेवला तो मुख्यतः इंग्रजी व्याकरणाचा.

शाळेत आपण सर्वांनी पाठ केलेल्या ‘शब्दांच्या आठ जाती’ याच वाटेने आल्या. आपल्या प्राचीन परंपरेत यास्काचार्यांनी पदांचे चारच प्रकार सांगितले होते : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आठ जाती इंग्रजीच्या. इंग्रजीने त्या लॅटिनकडून घेतल्या आणि लॅटिनने अलेक्झांड्रियाच्या ग्रीक व्याकरणकारांकडून. त्याच अलेक्झांड्रियाच्या बाजूने येणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात आपल्या उज्जैनचा उल्लेख ‘ओझेनी’ म्हणून येतो. व्यापारी माल भडोचमार्गे येथवर काही दिवसांत पोहोचत असे. व्याकरणाची विभागणी पोहोचायला मात्र लंडनला वळसा घालून सतरा-अठराशे वर्षे लागली.

हा आराखडा मराठीच्या अंगावर सगळीकडे नीट बसला नाही. ‘रामाने रावणाला मारले’ हे वाक्य घ्या. इंग्रजीत एक ‘ॲक्टिव्ह’ आणि दुसरे ‘पॅसिव्ह’ असे दोनच खण. मराठीत क्रियापद कर्त्यामागे न जाता कधी कर्मामागे जाते, तर कधी कोणाच्याच मागे न जाता नपुंसकलिंगी एकवचनात स्वस्थ बसते. म्हणून आपल्याकडे कर्तरी, कर्मणी आणि भावे असे प्रयोग मानावे लागले, आणि त्यांची संख्या व लक्षणे यांवर वैयाकरणांत पिढ्यान् पिढ्या वाद झाले. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात या वादांची विस्तृत छाननी आहे.

देवघेव एवढ्यावर थांबली नाही. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून मराठीला स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह दिले. मोडी लेखनात वाक्य कोठे संपले हे वाचणाऱ्याने अर्थावरून ताडायचे असे. आज आपण ज्या मराठीला शुद्ध म्हणतो, तिच्या छापील रूपात इंग्रजी व्याकरणाची मेहनत अशी ठायी ठायी मुरलेली आहे.

पाठमाला, नेसफील्ड आणि रेन-मार्टिन

तर्खडकर हे नाव पुढच्या पिढ्यांच्या तोंडी राहिले ते दादोबांच्या व्याकरणामुळे नव्हे, तर ‘तर्खडकरांची भाषांतर पाठमाला’ या दुसऱ्याच पुस्तकामुळे. आधी शब्द, मग नियम, मग मराठी वाक्यांचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी, अशी तिची चढण होती. ‘तर्खडकरी इंग्रजी’ हा शब्दप्रयोग नंतर थट्टेचा झाला. पण इंग्रजी बोलणारे एकही माणूस आसपास नसताना घरबसल्या ती भाषा शिकता येते, हा आत्मविश्वास या पाठमालेने हजारो मराठी घरांना दिला. तिचे खरे वैशिष्ट्य असे, की ती दोन भाषांना समोरासमोर बसवीत असे. विद्यार्थ्याला इंग्रजी येत जाई आणि आपली मराठी वाक्ये कशी बांधलेली आहेत हेही कळत जाई.

माळव्याची गोष्ट थोडी निराळी पडली. येथील मराठी घरांचे सोयरसंबंध आणि पुस्तके मुंबई-पुण्याकडून येत. पण महाविद्यालयांची नाळ आधी अलाहाबाद आणि नंतर आग्रा अशा उत्तरेकडील विद्यापीठांशी जोडलेली होती. उज्जैनमध्ये विक्रम विद्यापीठ स्थापन झाले ते १९५७ साली. त्यामुळे घरात पाठमाला आणि शाळेत नेसफील्ड अशी विभागणी झाली. जे. सी. नेसफील्ड हे वायव्य प्रांत आणि अवध येथील शिक्षणखात्यातील अधिकारी. त्यांची व्याकरणमाला उत्तर भारतात अनेक दशके चालली. नंतर १९३५ मध्ये पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांचे ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ आले आणि त्याने सर्वांनाच मागे टाकले. हे रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच परकीय दलावरील साहसी कादंबरी लिहिणारे लेखक, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी म्हणून लिहिलेले हे पुस्तक त्यांच्यापेक्षा आपल्याच मुलांनी अधिक झिजविले.

या पुस्तकांतून जी कवाईत झाली, तिचा नमुना म्हणजे ‘शॅल’ आणि ‘विल’. साधा भविष्यकाळ असेल तर ‘आय शॅल, यू विल, ही विल’. निश्चय किंवा आज्ञा असेल तर नेमके उलट. ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’ असे ओरडणारा परदेशी माणूस व्याकरण चुकल्यामुळे बुडाला, कारण ऐकणाऱ्यांना वाटले की हा निश्चयाने बुडत आहे. ही गोष्ट जुन्या शिक्षकांनी किती वर्गांत सांगितली असेल, त्याची गणती नाही.

परंतु हा नियम मुळात आला कोठून? तो प्रथम स्पष्टपणे मांडला जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने, १६५३ साली, परकीयांना इंग्रजी समजावी म्हणून लॅटिनमध्ये लिहिलेल्या व्याकरणात. अनंताचे आडवे आठासारखे चिन्ह गणितात आणणारा तोच हा वॉलिस. पुढे बिशप रॉबर्ट लाउथ यांचे १७६२ चे आणि लिंडले मरे यांचे १७९५ चे अशा व्याकरणांतून नियमांचे हे पीक वाढत गेले. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय नको, हा दंडक कवी ड्रायडनने १६७२ मध्ये लॅटिनच्या धाकाने घातला. ‘इट इज मी’ अशुद्ध आणि ‘इट इज आय’ शुद्ध, हाही लॅटिनचाच हिशेब. स्कॉटलंडमध्ये तर ‘शॅल-विल’चा भेद कधी नीट रुजलाच नाही, आणि माळव्याची घडी बसविणारे सर जॉन माल्कम स्कॉटिशच होते. ज्या नियमासाठी आपल्या आजोबांनी छड्या खाल्ल्या, तो भाषा घेऊन येणाऱ्यांच्या मायदेशातही सर्वांना मान्य नव्हता. आज तर इंग्लंडमध्येही रोजच्या बोलण्यात सर्रास ‘विल’च चालते.

चुकीच्या पोटातील मराठी

आता रोजच्या बोलण्यातील काही चुका पाहू.

‘आय ॲम स्टेइंग हिअर सिन्स टेन इयर्स.’ हे वाक्य उज्जैनमध्ये कोणत्याही दिवशी ऐकू येईल. व्याकरणाप्रमाणे ‘आय हॅव बीन स्टेइंग हिअर फॉर टेन इयर्स’ हवे. चूक कोठून आली? आपण म्हणतो, ‘मी दहा वर्षांपासून येथे राहतो आहे.’ आरंभाची वेळ असो वा मधला काळ, मराठीला ‘पासून’ हा एकच शब्द पुरतो. आणि राहणे अजून चालू असल्याने क्रियापद वर्तमानकाळीच असते. यात तर्कदोष काहीही नाही. जर्मन माणूसही येथे वर्तमानकाळच वापरतो आणि इंग्रजी बोलताना हीच चूक करतो.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ यांचेही तसेच. मराठीत ‘समजत नाही आहे’, ‘आठवत आहे’, ‘वाटत आहे’ ही रूपे निर्दोष आहेत. इंग्रजीत जाणणे, असणे, मालकी असणे या स्थिती मानल्या जातात, क्रिया नव्हेत. म्हणून त्यांना चालू काळाचा प्रत्यय लागत नाही. आपल्या भाषेत समजणे ही हळूहळू घडणारी क्रिया असू शकते.

‘मॅरिड विथ’ आले ते ‘हिच्याशी लग्न झाले’ यातील ‘शी’मुळे. ‘डिस्कस अबाउट’ आले ‘विषयी चर्चा’ यातून, आणि ‘आस्क टू हिम’ हे ‘त्याला विचार’ यातील ‘ला’चे रूप. ‘व्हेअर यू आर गोइंग?’ हा प्रश्न असा सरळ राहतो, कारण मराठीत प्रश्न विचारताना शब्दांची उलटापालट करावी लागत नाही. स्वर चढविला की काम होते. प्रत्येक वाक्याला ‘इझंट इट?’ जोडणे म्हणजे आपले ‘नाही का?’. फ्रेंच आणि जर्मन भाषांतही अशी एकच ठरलेली पुस्ती सगळीकडे चालते. कर्ता आणि क्रियापद पाहून दर वेळी नवी पुस्ती घडविण्याचा खटाटोप इंग्रजीचा स्वतःचा आहे. ‘ही इज लाइक दॅट ओन्ली’ यातील ‘ओन्ली’ हा तर आपला ‘च’. एका अक्षराच्या या अव्ययाचे सगळे बळ इंग्रजीत नेणार तरी कसे?

‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ हे आपले वाक्य बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवते. इंग्रजीत काळ मागे सरकतो, ‘मी’चा ‘ही’ होतो, ‘टुमॉरो’चा ‘द नेक्स्ट डे’ होतो. ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’च्या पानापानांच्या स्वाध्यायांनी आपल्या मुलांना घाम फुटला तो यामुळे. आणि निरोप घेताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणण्याची आपली रीत! दारातून बाहेर पडणारी व्यक्ती ‘आय ॲम कमिंग’ म्हणाली, तर परका गोंधळेल. मराठी घरात त्यातील शुभशब्द ऐकू येईल.

याचा अर्थ व्याकरण शिकू नये असा नाही. ‘आय लिव्ह्ड इन उज्जैन फॉर टेन इयर्स’ आणि ‘आय हॅव लिव्ह्ड इन उज्जैन फॉर टेन इयर्स’ या दोन वाक्यांत केवळ एका ‘हॅव’चा फरक, पण पहिले म्हणणारा उज्जैन सोडून गेलेला आहे आणि दुसरे म्हणणारा अजून येथेच आहे. अर्ज, साक्ष, वैद्याला दिलेली माहिती अशा ठिकाणी हा फरक महागात पडू शकतो. जेथे नियम चुकला की अर्थ बदलतो, तेथे नियम घोटूनच घेतला पाहिजे. ‘इट इज मी’सारख्या ठिकाणी मात्र अर्थ रेसभरही हलत नाही.

इंग्रजीला न विचारता येणारे प्रश्न

तुलनेचा हा तराजू दुसऱ्या बाजूलाही झुकतो. ‘तुम्ही भावंडांत कितवे?’ हा साधा प्रश्न इंग्रजीत सरळ विचारता येत नाही. ‘नेहरू भारताचे कितवे पंतप्रधान?’ याचे भाषांतर करून दाखवा, असे आव्हान मराठी शाळांतून कैक पिढ्या दिले गेले, आणि पाठमाला तोंडपाठ असणारेही तेथे अडले. जर्मनमध्ये ‘कितवा’साठी एक शब्द आहे, इंग्रजीला त्याची गरज का वाटली नाही, कोण जाणे. हिंदीतही नेहमीच्या बोलण्यात ‘कौन-से नंबर के’ असा वळसा घ्यावा लागतो.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचेही तसेच. ‘आम्ही जेवायला बसतो’ यात पाहुणा बाहेर राहतो. ‘आपण जेवायला बसू’ यात त्याचे पान मांडलेले असते. इंग्रजीचा ‘वी’ आणि हिंदीचा ‘हम’ दोघेही हा भेद पाळत नाहीत. ‘यू’ या शब्दात तर तू, तुम्ही आणि आपण तिघेही एका पंक्तीला बसतात. आदरार्थी बहुवचनाची सवय असलेल्या विद्यार्थ्याच्या निबंधात ‘माय फादर आर अ टीचर’ असे वाक्य उतरले, तर शिक्षक ‘आर’खाली लाल रेघ मारतात. त्या ‘आर’मध्ये ‘वडील शिक्षक आहेत’ हा आदर आहे, हे त्यांना कळत असते. पण परीक्षेत त्याला गुण नसतात. ‘कझिन ब्रदर’ हा शब्दही असाच. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ यांना नुसते ‘कझिन’ म्हणून ‘भाऊ’ हे नाते गाळणे आपल्या जिभेला जड जाते.

आपल्याच मराठीचा प्रश्न

येथवर वाचकांना हे सारे पटले असेल, तर एक पाऊल पुढे टाकू. जो न्याय आपण आपल्या इंग्रजीसाठी मागतो, तो आपल्या मराठीला देतो का?

माळव्यातील मराठी हिंदीच्या शेजारात पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ राहिली आहे. ‘पुस्तक’ मराठीत नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. ‘आवाज’, ‘विजय’, ‘आत्मा’ मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. नातू ‘माझी पुस्तक’ म्हणतो आणि आजी कपाळाला हात लावते. नागपूर-वऱ्हाडाप्रमाणे आपल्याकडेही ‘काय करून राहिला?’ असे विचारले जाते. पुण्याहून आलेला पाहुणा ते ऐकून हसतो, आणि यजमान ओशाळतो. हे ओशाळणे आणि इंग्रजी मुलाखतीतील ओशाळणे यांत काही फरक नाही. दोन्हीकडे आपण दुसऱ्या गावचे माप खरे मानून आपले धान्य मोजलेले असते.

पुण्याची मराठी प्रमाण ठरली त्याला ऐतिहासिक कारणे आहेत. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश, कँडींचे संपादन, शाळाखाते, छापखाने हे सगळे मुंबई-पुण्याच्या टापूत होते. छापील भाषेला एक ठरीव रूप लागते, हे मान्य. पण प्रमाण म्हणजे सोयीसाठी ठरविलेले माप. त्याबाहेरचे सगळे भ्रष्ट, असा अर्थ त्यातून निघत नाही.

सरमिसळीच्या या मातीत काय उगवू शकते, याची उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. गजानन माधव मुक्तिबोध यांच्या बालपणाचा आणि शिक्षणाचा मोठा काळ उज्जैनमध्ये गेला. घर मराठी, पण ते हिंदीतील युगप्रवर्तक कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठीत लिहिले आणि तेथे मानाचे स्थान मिळविले. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषा निवडल्या. ग्वाल्हेरला जन्मलेले प्रभाकर माचवे उज्जैनच्या माधव महाविद्यालयात शिकवीत. त्यांनी मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत लेखन केले. १९४३ च्या ‘तार सप्तक’ या गाजलेल्या हिंदी काव्यसंग्रहातील सात कवींपैकी गजानन मुक्तिबोध आणि माचवे असे दोघे माळव्याशी नाते असलेले मराठी भाषक होते. तीन भाषांच्या तिठ्यावर वाढणे ही उणीव आहे, असे यांच्याकडे पाहून कोण म्हणेल?

चिंता आहे ती वेगळीच. जुन्या घरांतील तिसरी-चौथी पिढी मराठी समजते, पण बोलत नाही. कारणे अनेक आहेत : शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची, नोकऱ्या दूरच्या, लग्ने मिश्र. परंतु त्यांत एक कारण आपल्या हातातले आहे. मुलाने ‘माझी पुस्तक’ म्हटले की वाक्य पुरे होण्याआधीच त्याला अडविले जाते. दोन-चारदा अडला की तो हिंदीत उत्तर देतो. तेथे त्याला कोणी टोकत नाही. चूक दुरुस्त होते, पण बोलणाराच निघून जातो. इंग्रजीच्या बाबतीत आपल्या पिढ्यांनी हाच अनुभव घेतला आहे. व्याकरणाची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेले कितीतरी लोक चार माणसांत इंग्रजी बोलायला शेवटपर्यंत बिचकत राहिले, कारण त्यांच्या मनात तो तांबड्या शाईचा टाक सदैव उगारलेला होता.

लेखनात शुद्धता हवी, अर्थ जेथे बिघडतो तेथे दुरुस्ती तत्काळ हवी, आणि ती वाक्य पुरते ऐकून घेतल्यावर, नियमाचे कारण सांगून करता येते. ‘पुस्तक हिंदीत ती, मराठीत ते’ एवढे सांगितले, तर मुलाला एकाच वेळी दोन भाषांचे व्याकरण कळते. पाठमालेने नेमके हेच केले होते. बाकीचे बोलणे चालू राहू द्यावे. छावणीत ‘पलटणीचा’ हे रूप घडले तेव्हा कोणी कोणाची चूक काढली नव्हती, आणि तो शब्द अजून आपल्यापाशी आहे.